जवळचा माणूस बदलत नाही, तेव्हा काय करायचं?

समजावून झालं, भांडून झालं, अबोला धरून झाला, मध्ये कोणाला तरी घालूनही पाहिलं. तरी समोरचा माणूस आहे तिथेच आहे. आई, वडील, भाऊ, जाऊ, नवरा, बायको, वयात आलेली मुलगी, जुना मित्र, कोणीही. नातं तोडायचं नाहीये, किंवा तोडता येत नाहीये, आणि रोज तीच कुरबुर. अशा वेळी ‘आहे तसं स्वीकार’, ‘मन मोठं कर’ हा सल्ला सगळेच देतात. तो अमलात कसा आणायचा, हे विचारलं की मात्र सगळे गप्प. या लेखात तेवढंच आहे: कुठून सुरुवात करायची, पुढे काय, कुठे अडतं आणि अडलं की काय करायचं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मारहाण, धमक्या, सतत पाळत, पैसे अडवून धरणं, मुलांना इजा, यातलं काही चालू असेल तर हा लेख बाजूला ठेवा. तिथे पहिलं काम सुरक्षित होण्याचं. विश्वासातल्या माणसाला सांगा, पोलीस किंवा वकील यांची मदत घ्या, तिथून बाहेर पडा. मारणाऱ्याच्या बालपणी काय झालं असेल याचा विचार सुरक्षित ठिकाणी पोचल्यावर करता येतो. नाही केला तरी चालतं.

बाकीच्यांसाठी, अपेक्षा नीट बेतायला मदत होईल असे दोन संदर्भ. जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने अनेक वर्षं जोडप्यांना समोर बसवून त्यांची भांडणं अभ्यासली. जोडप्यांमधल्या मतभेदांपैकी सुमारे ६९ टक्के मतभेद कायमचे असतात, असं त्याला आढळलं. ते स्वभावातून आणि आवडीनिवडीतून आलेले असतात, वर्षानुवर्षं तेच विषय पुन्हा निघतात. सुखात असलेल्या जोडप्यांचंही तेच. फक्त ती त्या विषयावर एकमेकांचा अपमान न करता, अधूनमधून थट्टा करत बोलू शकतात. म्हणजे तुमच्या घरात एक न सुटणारा विषय आहे, याचा अर्थ घर बिघडलंय असा होत नाही.

दुसरा संदर्भ अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि नील जेकबसन यांचा. जोडप्यांच्या समुपदेशनात ‘तू हे बदल, मी ते बदलतो’ असे करार करून देण्याची पद्धत रूढ होती. बऱ्याच जोडप्यांत ते करार टिकेनात, म्हणून या दोघांनी स्वीकारावर भर देणारी वेगळी पद्धत बांधली आणि दीर्घकाळ त्रासात असलेल्या १३४ जोडप्यांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. पहिली दोन वर्षं स्वीकाराची पद्धत थोडी पुढे राहिली. पाच वर्षांनी दोन्ही जवळपास बरोबरीत आल्या. हे मुद्दाम सांगते, कारण हल्ली स्वीकार हा रामबाण उपाय म्हणून विकला जातो. त्याने काही नाती सावरतात, काही नाही सावरत. पण तोवर तुमची झोप परत मिळाली, तर तीही कमाईच.

पायरी १: एक माणूस, एक गोष्ट

‘मी आता सगळ्यांशी प्रेमाने वागेन’ असा संकल्प दोन दिवसांत मोडतो. एकच माणूस निवडा आणि त्या माणसाची एकच गोष्ट. ‘सासूबाई’ हा विषय फार मोठा झाला. ‘मी बाहेरून आल्यावर सासूबाई उशिराबद्दल टोमणा मारतात’ हा विषय बेताचा.

आयुष्यातलं सगळ्यात अवघड नातं पहिल्यांदा निवडू नका. ज्या वडिलांशी चार वर्षं बोलणं बंद आहे, त्यांच्यापासून सुरुवात करू नये. रोज भेट होते, चिडचिड होते, पण तरी एकत्र बसून चहा घेता येतो, असा माणूस सरावाला बरा.

पायरी २: शेरे खोडा, घडलेलं लिहा

एक साधी वही घ्या. आठवडाभर त्या एकाच गोष्टीची नोंद ठेवायची. नियम एकच: कॅमेऱ्याला दिसलं असतं आणि ऐकू आलं असतं तेवढंच लिहायचं.

समजा, तुम्ही धाकटी बहीण आहात आणि आईच्या तपासण्यांचं सगळं तुमच्यावर पडतं. मोठा भाऊ हात झटकतो. वहीत पहिल्या दिवशी उतरेल ते असं: ‘दादा स्वार्थी आहे. त्याला आईचं काही पडलेलं नाही.’ हे खोडा. खाली लिहा: ‘मंगळवारी रात्री दादाला फोन केला. म्हटलं, शुक्रवारी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचंय. तो म्हणाला, शुक्रवारी जमणार नाही, मीटिंग आहे. मी म्हटलं, तुझं नेहमीचंच आहे. तो गप्प बसला. फोन ठेवला.’

आता या नोंदीकडे पुन्हा बघा. पहिल्या वाक्यात दादाचं अख्खं चारित्र्य होतं. दुसऱ्या नोंदीत एक शुक्रवार आहे, एक मीटिंग आहे, एक गप्प बसणं आहे आणि तुमचं स्वतःचं ‘तुझं नेहमीचंच आहे’ हे वाक्यही आहे. पहिल्या नोंदीत तुम्ही कुठे नव्हताच. दुसरीत आहात. आणि हेही दिसतं की तुम्ही दादाला शनिवारचं विचारलंच नव्हतं.

माणसाच्या वागण्याचं खापर त्याच्या स्वभावावर फोडायचं आणि परिस्थितीकडे काणाडोळा करायचा, ही आपल्या सगळ्यांची खोड आहे. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये तिला ‘फंडामेंटल ॲट्रिब्यूशन एरर’ असं नाव दिलं. पण परिस्थितीचा जोर किती असतो हे कळायला त्याआधीचा एक प्रयोग पाहावा. १९७३ मध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन इथे धर्मोपदेशक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना भाषण द्यायला एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत पाठवलं. काहींच्या भाषणाचा विषयच मुळी जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाची बायबलमधली गोष्ट हा होता. वाटेत एक माणूस दारात वाकून बसलेला, खोकतोय, कण्हतोय. ज्यांना भरपूर वेळ होता त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले. बेताची घाई होती त्यांच्यातले ४५ टक्के. आणि ‘उशीर झालाय, पळा’ असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यातले फक्त १० टक्के. करुणेवर भाषण द्यायला निघालेले होते म्हणून कोणी जास्त थांबलं, असंही काही ठळकपणे दिसलं नाही.

याने दादाची सुटका होत नाही. आईला दवाखान्यात न्यायचंच आहे आणि तो नेत नाहीये. पण ‘तो असाच आहे’ आणि ‘तो घाईत असताना असा वागतो’ या दोन निदानांवरचे उपाय वेगळे निघतात.

पायरी ३: यातलं काय हलणार आहे?

आठवड्याच्या नोंदी समोर ठेवून स्वतःला तीन प्रश्न विचारा. हा माणूस इतरांशीही असाच वागतो का? दहा वर्षांपूर्वीही असाच होता का? आणि झोप, आजारपण, पैशाची ओढाताण, कामाचा ताण यांनुसार हे कमीजास्त होतं का?

सगळ्यांशी तसंच आणि दहा वर्षांपूर्वीही तसंच, तर तो बहुधा स्वभाव. कमी बोलणारा माणूस, सगळं आधी ठरवून हवं असणारी बाई, पटकन चिडणारा, काळजीने पोखरलेला. हे फारसं हलत नाही. फक्त तुमच्याशीच तसं, तर तुमच्या दोघांमध्ये काहीतरी साचलंय, ते बोलून सुटण्याची शक्यता बरी. ताणानुसार वरखाली होत असेल तर ती परिस्थिती, आणि तिथे माणूस बदलायच्या मागे न लागता वेळ, जागा, कामाची वाटणी बदलून पाहावी. बहुतेक घरांत हे तिन्ही मिसळलेलं सापडतं. मग जे सहज हलेल तिथे आधी हात घाला.

एक चूक इथे हमखास होते. ‘मनात आणलं तर तो करू शकतो’ हे आपण पुरावा म्हणून धरतो. करू शकतो हे खरंही असेल. पण गेल्या सहा वर्षांत त्याने केलेलं नाही, हेही तितकंच खरं आहे, आणि पुढचा महिना आखायचा तो दुसऱ्या सत्यावर.

पायरी ४: जे मिळणार नाही, त्याचं दुःख करून घ्या

ही पायरी लोक गाळतात, आणि म्हणूनच त्यांचा स्वीकार तोंडदेखला राहतो. वरवर ‘जाऊ दे, मी आता काही मनावर घेत नाही’ आणि आतून धुमसणं. महिन्याभराने कुठल्यातरी फालतू कारणावरून स्फोट.

आपण एखाद्या माणसाला बदलायचा हट्ट सोडत नाही, कारण त्या हट्टाला एक आशा चिकटलेली असते. एक दिवस बाबा म्हणतील, तुझं बरोबर होतं. एक दिवस नवरा आपणहून विचारेल, आज काय झालं तुला? एक दिवस आई मला आणि बहिणीला सारखंच मोजेल. माणूस बदलणार नाही हे मान्य करायचं म्हणजे ही आशा सोडायची. आणि आशा सोडताना रडू येतं. येणारच.

तेव्हा वहीच्या नव्या पानावर एकच वाक्य पूर्ण करा: ‘मला या माणसाकडून … हवं होतं.’ हवं ‘होतं’, हवं ‘आहे’ असं लिहू नका. जितकं नेमकं लिहाल तितकं बरं. ‘प्रेम हवं होतं’ हे मोघम झालं. ‘मी घर सोडून निघाले त्या दिवशी बाबांनी दारापर्यंत यायला हवं होतं’ हे नेमकं. मग त्या वाक्याजवळ थोडं बसा. त्यातून काही शिकायला जाऊ नका, लगेच कोणाला फोन करू नका. पुढचे काही दिवस थोडं जड जातील. हे वाईट लक्षण नाही.

ज्यांच्या घरी स्मृतिभ्रंश झालेलं, व्यसनात बुडालेलं किंवा मनाने पार तुटलेलं माणूस आहे, त्यांच्यासाठी ही पायरी आणखी अवघड. पॉलिन बॉस या संशोधिकेने १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना या प्रकारच्या दुःखाला ‘अँबिग्युअस लॉस’ म्हटलं. माणूस गेला की नाही हेच नक्की नसतं, त्यामुळे शोकही धड करता येत नाही. याचाच दुसरा प्रकार म्हणजे माणूस समोर खुर्चीत बसलाय, पण आपला ओळखीचा माणूस त्यात नाही. अशा घरातल्या लोकांना ‘अजून आहेत ना ते, मग रडतेस कशाला?’ असं विचारणारे भेटतात. त्यांना उत्तर देत बसू नका. तुमचं नुकसान खरं आहे, आणि ते मान्य करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

पायरी ५: स्वतःला झोडपणं थांबवा

थोडक्यात सांगते, कारण यावर बोलण्यापेक्षा करून पाहणं सोपं. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये स्वतःविषयीच्या करुणेचे तीन भाग मांडले: स्वतःशी ममतेने वागणं, आपल्यासारखंच इतरांचंही होतं हे लक्षात ठेवणं आणि जे वाटतंय ते न दाबता, न फुगवता पाहणं. कृतीत आणायचं तर असं. भांडण झालं, तुम्ही नको ते बोललात, आता रात्री डोक्यात चक्र सुरू आहे. मनातल्या मनात तीन वाक्यं म्हणा: ‘आत्ता मला वाईट वाटतंय. घरोघरी माणसं असं बोलून जातात. आता पाणी पिऊन झोपते, उद्या बघू.’ माफी मागायची असेल तर ती सकाळी मागायची. रात्री दीड वाजता मेसेजवर मागितलेली माफी बहुधा नवं भांडण उकरून काढते.

पायरी ६: ओळखू नका, विचारा

‘स्वतःला त्याच्या जागी ठेवून बघ’ हा सल्ला आपण सगळे देतो. ताल इयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी तो २५ प्रयोगांमध्ये तपासला आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. समोरच्याच्या जागी स्वतःला कल्पून लोकांचे अंदाज अचूक झाले नाहीत. अचूकता वाढली ती समोरच्याशी प्रत्यक्ष बोलून, त्याला विचारून. कारणही उघड आहे. मी तुमच्या जागी उभी राहते तेव्हा तिथेही मीच असते, माझ्या आवडीनिवडी आणि माझी भीती घेऊन.

तेव्हा विचारा. पण कसं, यात सगळं आलं. ‘तुला आईची काळजी आहे की नाही?’ याला प्रश्नचिन्ह असलं तरी तो आरोप आहे. ‘तू असं का करतोस?’ यातल्या ‘का’ने समोरचा आरोपीच्या पिंजऱ्यात जातो. ‘काय’ आणि ‘कसं’ने सुरू होणारे प्रश्न जास्त चालतात. भांडण नसतानाची वेळ निवडा, जमल्यास दोघांचेही हात कशात तरी गुंतलेले असावेत, चालताना किंवा गाडीत असताना. समोरासमोर टेबलाशी बसवलं की अर्ध्या लोकांचा चेहरा आपोआप बंद होतो.

दादाच्या उदाहरणात ते असं होऊ शकेल.

‘दादा, आईच्या दवाखान्याचं निघालं की तुला काय होतं? भांडायचं नाहीये, खरंच विचारतेय.’

‘काही होत नाही. वेळ नसतो.’

इथे बहुतेक जणी म्हणतील, ‘आणि मला असतो का?’ तो शब्द गिळा. पाच सेकंद थांबा. पाच सेकंद बोलण्यात फार लांब वाटतात, तरी थांबा. मग म्हणा, ‘हं. वेळेचं कळलं. अजून काही?’

‘…मला तो वास सहन होत नाही गं. बाबांच्या वेळचं सगळं आठवतं.’

असं उत्तर येईलच असं नाही. कित्येकदा पहिल्या खेपेला ‘काही होत नाही’च्या पुढे गाडी सरकत नाही. पण आलं, तर लगेच उपाय सुचवू नका, ‘मलाही आठवतं’ म्हणून स्वतःची गोष्ट सुरू करू नका. त्याने जे सांगितलं ते तुमच्या शब्दांत परत म्हणा, ‘दवाखान्यात शिरलं की बाबांचे शेवटचे दिवस आठवतात तुला,’ आणि थांबा. बरोबर असेल तर तो हो म्हणेल, चुकलं असेल तर दुरुस्त करेल. दोन्ही चालतं.

पायरी ७: आता तुमची मागणी

ऐकून घेतलं म्हणजे तुमचं काम झालं असं नाही. करुणा दाखवणाऱ्या माणसावर सगळं ओझं येऊन पडतं, ही तक्रार खरी आहे, आणि त्याचं कारण बहुधा हेच की ऐकून झाल्यावर मागणी केलीच जात नाही.

मागणी लहान, ठरावीक आणि नाही म्हणता येईल अशी असावी. ‘तू जबाबदारी घे’ हे मागणं पूर्ण झालं की नाही कोणालाच कळत नाही. ‘दवाखान्यात मी नेते. औषधं आणणं, बिलं, विम्याचे कागद हे दर महिन्याला तू बघशील का?’ हे कळतं. दादाचा स्वभाव बदलला नाही, दवाखान्याची भीतीही गेली नाही. पण काम वाटून घेतलं गेलं. त्याने नाही म्हटलं, तर चिडायच्या आधी विचारा, ‘मग यातलं काय जमेल?’

बोलता बोलता आवाज चढला, छाती धडधडायला लागली, तर थांबा. गॉटमनच्या निरीक्षणात नाडी मिनिटाला शंभरच्या वर गेली की माणसाला समोरचं धड ऐकू येत नाही, आणि शरीर शांत व्हायला किमान २० मिनिटं लागतात. उठून जाताना परत कधी येणार ते सांगून जा: ‘मी अर्ध्या तासाने येते, मग बोलू.’ न सांगता उठलात तर समोरच्याला तो अबोला वाटतो. आणि त्या अर्ध्या तासात ‘आता गेल्यावर काय काय सुनवायचं’ याची उजळणी करायची नाही. मग नाडी खाली येतच नाही. कपड्यांच्या घड्या घाला, चालून या.

पायरी ८: मर्यादा, म्हणजे मी काय करणार

‘तुम्ही मला असं बोलायचं नाही’ ही मर्यादा नव्हे, हुकूम आहे, आणि तो पाळणं समोरच्याच्या हातात आहे. मर्यादा तुमच्या हातात राहील अशीच आखायची.

एक उदाहरण जवळून पाहू. नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलेल्या मुलाला वडील दर फोनवर त्यावरून बोलतात. समजावून झालंय. आता तो म्हणतो, ‘बाबा, तुमच्याशी बोलायला मला आवडतं. नोकरीचा विषय निघाला की मात्र मी फोन ठेवेन. रागाने नाही. उद्या पुन्हा करेन.’ पुढच्या फोनला तो विषय निघतोच. तेव्हा आवाज न चढवता, ‘बाबा, ठेवतो आता. उद्या बोलू.’ आणि खरंच ठेवायचा. आणि दुसऱ्या दिवशी खरंच करायचा. यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. फोन ठेवणं सगळ्यांनाच जमतं; दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही अशा आवाजात ‘बाबा, जेवलात का?’ विचारणं, यात करुणा आहे.

सुरुवातीला वडील जास्तच चिडतील. ‘मोठा झालास ना आता’ हे ऐकून घ्यावं लागेल. काही आठवडे तरी न डगमगता तेच करत राहावं लागतं. मध्येच एकदा वाद घालत बसलात, तर जोर लावला की हा ऐकतो असा अर्थ निघतो, आणि पुढच्या वेळी जोर वाढतो.

पायरी ९: चांगल्या बातमीला हजर राहा

पतंजलींच्या योगसूत्रांत, समाधिपादातल्या ३३ व्या सूत्रात, मन निर्मळ ठेवण्याचा उपाय सांगताना करुणा एकटी येत नाही. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, चांगलं करणाऱ्याविषयी मुदिता म्हणजे आनंद, आणि वाईट वागणाऱ्याविषयी उपेक्षा, अशा चार वृत्ती तिथे सांगितल्या आहेत. मला यातली व्यवहारी दृष्टी आवडते. एकच माणूस दिवसभरात या चारही अवस्थांतून जातो. सकाळी टोमणा मारणाऱ्या सासूबाई संध्याकाळी गुडघा धरून बसतात, आणि मध्ये दुपारी त्यांनी लावलेल्या रोपाला पहिलं फूल आलेलं असतं. टोमण्याकडे दुर्लक्ष, गुडघ्याला मायेचा हात. मग फुलाचं काय?

अवघड नात्यांत आपण नेमकं तिथेच गैरहजर असतो. शेली गेबल यांच्या संशोधनातून असं पुढे आलं की जोडीदार आपल्या वाईट बातमीला कसा सामोरा जातो यापेक्षा चांगल्या बातमीला कसा प्रतिसाद देतो, याचा नात्याच्या तब्येतीशी अधिक जवळचा संबंध असतो. ‘छान’ म्हणून मोबाइलकडे वळणं याने फारसं काही साधत नाही. दोन प्रश्न विचारायचे: कधी आलं फूल? कळी दिसली होती का आधी? यात कोणी जिंकत नाही, हरत नाही, जुना हिशेब निघत नाही. ज्यांच्याशी मायेने वागणं फार जड जातं, त्यांच्या बाबतीत ही पायरी खरं तर पहिली घ्यावी.

थकवा आला तर

दुसऱ्याचं दुःख समजून घेऊन घेऊन माणूस थकतो. तानिया सिंगर, ओल्गा क्लिमेकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातला बारकावा उलगडून दाखवला. लोकांना इतरांच्या दुःखाची चित्रफीत दाखवली. समोरच्याचं दुःख स्वतःत अनुभवायचा सराव दिला, तेव्हा पाहणाऱ्यांचा त्रास वाढला. नंतर त्याच लोकांना ‘याचं भलं होवो, याचं दुःख कमी होवो’ अशा सद्भावनेचा सराव दिला, तेव्हा त्रास पुन्हा उतरला आणि माया, आपुलकी अशा भावना वाढल्या. म्हणजे थकवतं ते बहुधा समोरच्याचं दुःख आपल्या अंगात शिरवून घेणं. रोज पाच मिनिटं, डोळे मिटून, निवडलेल्या माणसाविषयी मनात ‘तुला बरं वाटो’ एवढंच म्हणून पाहा. पहिल्या आठवड्यात खोटं वाटेल, दात-ओठ खात म्हटल्यासारखं. स्वतःपासून किंवा एखाद्या लाडक्या माणसापासून सुरू करून मग या माणसाकडे वळलं तर सोपं जातं.

आणि दिवसाचे चोवीस तास समंजस राहायचं नाही. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी समोरच्याला विनाअट स्वीकारण्याचं जे तत्त्व १९५० च्या दशकात मांडलं, ते समुपदेशकाने ठरावीक वेळेपुरत्या भेटीत पाळायचं म्हणून. त्यानंतर समुपदेशकही घरी जाऊन बायकोवर वैतागत असणार.

क्षमेची घाई नको

क्षमा या सगळ्यात कुठे बसते, हे विचारलं जातं. क्षमेचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन यांनी केलेला फरक इथे कामाचा आहे: सूड घ्यायचा नाही, नीट वागायचं, हे ठरवून करता येतं. मनातली कडवट भावना जाणं ही वेगळी गोष्ट, ती आपल्या वेळेने होते. पहिली आज करा. दुसरी झाली नाही म्हणून स्वतःला खुजं समजू नका, आणि घरातल्या कोणी ‘अजून मनात धरून बसलीयेस का?’ विचारलं तर ‘हो, थोडं आहे’ म्हणायला हरकत नाही.

महिन्यानंतर काय तपासायचं

वही उघडा आणि पहिल्या आठवड्याच्या नोंदी ताज्या नोंदींशी ताडून पाहा. समोरचा बदलला का, हे शोधू नका. त्या प्रसंगानंतर तुम्हाला पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो, आधी दोन दिवस लागत होते ते आता संध्याकाळपर्यंत आलं का? त्या माणसाविषयी तिसऱ्यापाशी तक्रार करणं कमी झालं का? त्याच्याबद्दल तुम्हाला आधी माहीत नव्हती अशी एखादी गोष्ट कळली का? यातलं एक जरी हो असेल तर पुढचा महिना तसंच चालू ठेवा.

काहीच हललं नसेल, उलट झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. दुसरा माणूस येत नसेल तर एकटे जा, तरी उपयोग होतो. आणि अंतर वाढवणं हाही एक पर्याय आहे. वर्षातून चार भेटी, त्याही दोन-दोन तासांच्या, पण धड पार पडणाऱ्या, हे एका छपराखाली रोज कुढण्यापेक्षा दोघांनाही मानवू शकतं.

राहिलेली एक गोष्ट, जमेल तेव्हा करा. ज्याच्यासाठी वही लिहायला घेतली होती, त्याला एखाद्या निवांत वेळी विचारा: ‘माझी अशी कुठली सवय आहे, जी बदलेल म्हणून तू वाट पाहिलीस आणि मग नाद सोडलास?’ उत्तर ऐकताना मध्ये बोलायचं नाही. स्पष्टीकरण द्यायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी द्या.